पदरचे रिव्हॉल्वर : पुणे छावणीतला एक जुना हिशेब

१८८७ साली ब्रिटिश सरकारने बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीकडे १०,००० रिव्हॉल्वरांची मागणी नोंदवली. दर ठरला नगास ३ पौंड १ शिलिंग १ पेनी. रुपया त्या काळी सतत घसरत होता. त्या वर्षीच्या विनिमयदराने ही रक्कम चाळीस ते पंचेचाळीस रुपयांच्या घरात जात होती. हिंदी पायदळातील शिपायाचा पगार तेव्हा दरमहा ७ रुपये होता. म्हणजे पुणे छावणीत पहाऱ्यावर उभ्या असलेल्या शिपायाचे सहा महिन्यांचे वेतन आणि साहेबाच्या कमरेला लटकणारे एक हत्यार यांचे मोल साधारण सारखेच.

हा तर सरकारचा घाऊक दर. अंमलदाराला सरकार रिव्हॉल्वर देतच नसे. तलवार, गणवेश, खोगीर यांच्याप्रमाणे ते त्याने स्वतःच्या पैशाने, किरकोळ बाजारभावाने विकत घ्यायचे. आणि विकत घेतल्यावर दुसरा प्रश्न उभा राहायचा. हे किलोभर वजनाचे धूड आहे तसेच वापरावे, की आणखी पैसे घालून आपल्या हाताला बेतून घ्यावे? मूठ बदलावी, चाप हलका करावा, नळी लांब घ्यावी की आखूड? हा प्रश्न वरवर शौकिनांचा वाटतो. पण त्याच्या मुळाशी एक फार जुना आणि अस्सल मराठी प्रश्न आहे : लढाई राज्याची असताना हत्याराचा खर्च कोणी करायचा?

मराठ्यांच्या लष्करात या प्रश्नाची दोन उत्तरे होती आणि दोन्हींना नावे होती. ज्याला घोडा आणि हत्यारे सरकारातून मिळत तो बारगीर. जो स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. शिवाजी महाराजांचा कल पागेकडे, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या बारगिराकडे होता. ज्याचा घोडा स्वतःचा, त्याला तो घोडा मेला तर घर बुडण्याची भीती असते आणि असा माणूस ऐन वेळी हात राखून लढतो, हे त्यामागचे व्यवहारज्ञान होते. पेशवाईत शिलेदारांचे प्रमाण वाढत गेले आणि ही भीतीही फौजेबरोबर फिरू लागली.

इंग्रजांनी ही पद्धत मोडली नाही, उचलली. १८१७ च्या जूनमध्ये झालेल्या पुणे करारानंतर दुसऱ्या बाजीरावाकडून तोडून घेतलेल्या उत्पन्नाच्या बळावर पुण्यात एक घोडदळ उभे राहिले. तेच पुढचे ‘पूना हॉर्स’. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. एल्फिन्स्टनची माणसे पेशव्यांच्या फौजेसमोर उभी होती आणि त्यांच्या पाठीशी असलेल्या बंदोबस्ताचा काही खर्च पेशव्यांच्याच मुलखातून निघणार होता. इतिहासातले विनोद असेच कोरड्या तोंडाने सांगितलेले असतात.

हिंदी घोडदळात ‘शिलेदार’ हा शब्द इंग्रजी उच्चाराचा वेष घेऊन पुढे शंभर वर्षे नांदला. स्वार भरती होताना ठरावीक रक्कम भरून आपली ‘असामी’ घेई. घोडा, खोगीर, कपडे, तलवार हे सारे त्याच्या किंवा पलटणीच्या निधीतून येई. बंदुका आणि दारूगोळा मात्र १८५७ नंतर सरकारने आपल्या हाती ठेवला. कारण उघड आहे. पहिल्या महायुद्धाने या पद्धतीचा कणा मोडला, कारण वर्षानुवर्षे चालणाऱ्या युद्धात मेलेल्या घोड्यांची भरपाई स्वारांच्या खिशातून होणे शक्यच नव्हते. १९२१ च्या पुनर्रचनेत ती संपली.

या चित्रात रिव्हॉल्वरवाला गोरा अंमलदार नीट बसवून पाहावा. सरकारी पगारावर, सरकारी पलटणीत, पण हत्यार पदरचे. मराठी शब्दांत सांगायचे तर तो एका हत्यारापुरता शिलेदारच होता. आणि शिलेदाराचा मूळ हिशेब त्यालाही चुकला नाही : हत्यारावर घातलेला प्रत्येक रुपया जिवाच्या संरक्षणात वसूल व्हायला हवा.

मराठा शिलेदाराने हा हिशेब शतकभर आधी उत्तम सोडवला होता. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी मराठाकालीन तलवारी पाहताना पात्याकडे आणि मुठीकडे वेगवेगळे पाहावे. ज्या तलवारीला ‘फिरंग’ म्हणत तिचे पाते पुष्कळदा युरोपातून आलेले असे. लांब, सरळ, लवचीक आणि उत्तम पोलादाचे. पण त्यावर युरोपीय मूठ राहू दिली जात नसे. तिच्या जागी देशी मूठ बसे. बोटांवर रुंद परज, आतून गादी आणि वरच्या टोकाला पुढे निघालेला लोखंडी गज, ज्यावर दुसरा हात टेकवून दुहाती वार करता येई. पात्याला धार शिकलगाराकडून, म्यान जिनगराकडून. म्हणजे जे काम इथे तितके चांगले होत नव्हते ते बाहेरून विकत घेतले आणि जे आपल्या हाताला, आपल्या वाराच्या पद्धतीला जुळायला हवे ते इथे करून घेतले. पैसा जिथे हात लागतो तिथे घालावा, हा त्यातला विचार. पुढे रिव्हॉल्वरच्या बाबतीतही शहाणी माणसे याच निष्कर्षाला आली, थोड्या उशिराने आणि जास्त खर्चाने.

रिव्हॉल्वर जड का असते, हे आधी समजले पाहिजे. वेब्लीच्या १९१५ साली स्वीकारलेल्या सहाव्या नमुन्याचे उदाहरण घेऊ. वजन सुमारे १.१ किलो. नळी ६ इंच. काडतूस .४५५ इंचाचे आणि गोळी २६५ ग्रेनची, म्हणजे साधारण १७ ग्रॅम. ती नळीतून सेकंदाला सुमारे १८० मीटर वेगाने बाहेर पडते. गोळी पुढे गेली की तेवढ्याच संवेगाने हत्यार मागे येते. दारूच्या वायूचा वाटा सोडला तर गणित सोपे आहे : १.१ किलोचे रिव्हॉल्वर सेकंदाला जवळपास ३ मीटर वेगाने तळहातावर आदळते. तेच हत्यार कापून, पोखरून ८०० ग्रॅमवर आणले तर हा वेग ४ मीटरच्या जवळ जातो आणि धक्क्याची ऊर्जा एकतृतीयांशाहून अधिक वाढते. कमरेला हलके वाटते ते हाताला जड पडते. वजन हा त्या हत्याराचा दोष नव्हता, ती त्याची गादी होती. हत्यार हलके करून घेण्यासाठी पैसे देणारा माणूस प्रत्यक्षात आपला पुढचा नेम बिघडवण्याचे पैसे देत होता.

मग एवढी जड गोळी तरी कशाला? त्याचे उत्तर क्रिमिया आणि १८५७ च्या लढायांत सापडते. अमेरिकन कोल्टचे .३६ इंची रिव्हॉल्वर नेमाला उत्तम होते, पण त्याची गोळी हलकी. इंग्रज ॲडम्सचे रिव्हॉल्वर .४४२ इंचाचे, चाप ओढताच घोडा आपोआप चढून पडणारे. पाच पावलांवरून तलवार घेऊन धावत येणारा माणूस हलक्या गोळीने पडत नाही, मेला तरी वार पुरा करून मरतो, ही समजूत तेव्हापासून इंग्रज अंमलदारांच्या मनात पक्की बसली.

तलवारीवर भरवसा ठेवण्याचेही दिवस सरत आले होते. ८ फेब्रुवारी १८५७ रोजी इराणच्या मोहिमेत खुशाबच्या लढाईत मुंबईच्या तिसऱ्या लाइट कॅव्हलरीने इराणी पायदळाच्या चौकोनावर हल्ला चढवला. लेफ्टनंट आर्थर मूर घोड्यासकट चौकोनात घुसला. घोडा मरून पडला आणि पडतापडता मूरची तलवार मोडली. लेफ्टनंट जॉन माल्कमसनने शत्रूच्या गर्दीतून वाट काढत त्याला आपल्या रिकिबीचा आधार देऊन बाहेर ओढले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हीच पलटण १९२१ मध्ये पूना हॉर्समध्ये विलीन झाली. मोडक्या तलवारीची गोष्ट ऐकलेल्या माणसाला कमरेला दुसरे काहीतरी हवेसे वाटणे स्वाभाविकच होते.

आता पहिला खरा बदल, आणि इतिहासातला बहुधा सर्वांत फायद्याचा. ॲडम्सचे ते जुने रिव्हॉल्वर ठासणीचे होते. सिलिंडरच्या पाचही घरांत दारू भरायची, वर गोळी ठासायची, मागे प्रत्येक घराला तांब्याची स्फोटक टोपी बसवायची. शांतपणे बसून केले तरी वेळखाऊ काम. त्यात पावसाळा. जून ते सप्टेंबर दारू कोरडी ठेवणे म्हणजे स्वतंत्र नोकरीच. धातूची सलग काडतुसे आल्यावर गोदामांतल्या असंख्य ठासणीच्या रिव्हॉल्वरांचे करायचे काय, हा प्रश्न आला. रॉबर्ट ॲडम्सचा भाऊ जॉन याने तोडगा काढला. नळी, सांगाडा, मूठ जुनीच ठेवायची. सिलिंडर नवे बसवायचे, बाजूला काडतूस भरण्यासाठी छोटे दार आणि रिकामी पुंगळी ढकलून काढणारी दांडी द्यायची. १८६८ मध्ये ब्रिटिश लष्कराने हा बदल मान्य केला. त्याच्या दोनच वर्षे आधी एन्फिल्डच्या ठासणीच्या बंदुका जेकब स्नायडरच्या युक्तीने मागून भरण्याजोग्या करण्याचे काम सुरू झाले होते. विचार एकच : जे चांगले आहे ते ठेवा, ज्याने वेळ आणि जीव जातो ते बदला. जुन्या हत्याराला नवे आयुष्य मिळाले आणि नवे हत्यार घेण्याचा खर्च वाचला.

पण काडतूस आले आणि हिशेबाचा मध्यबिंदूच सरकला. ठासणीच्या काळात दारू आणि शिसे असले की काम भागे. आता हत्यार काडतुसाचे गुलाम झाले. १८६९ मध्ये खडकीत दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला तो याच काळात. अंमलदारांसाठी नियमही आला : रिव्हॉल्वर कोणत्याही कारागिराचे घ्या, कितीही नक्षीदार घ्या, पण त्यात सरकारी काडतूस चालले पाहिजे. हा नियम साधा दिसतो, पण हौशी बदलांपैकी निम्मे त्याने एका फटक्यात निकालात काढले. लंडनच्या दुकानातून कोणी वेगळ्या मापाचे सुबक हत्यार आणले, तर मोहिमेत त्याची पेटी संपल्यावर ते कागदावर ठेवायच्या वजनाच्या लायकीचे उरे. खडकीच्या किंवा कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात जे बनत नाही, ते सरहद्दीवर मिळत नाही.

काडतूसच बदलून पाहण्याचा प्रयोगही झाला. १८९८ मध्ये .४५५ च्या काडतुसाला सपाट, पुढून पोकळ गोळी बसवण्यात आली. तिचे टोपणनावच ‘माणूस थांबवणारी’ अशा अर्थाचे होते. पण १८९९ च्या हेग परिषदेने शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांना मनाई करणारा जाहीरनामा काढला आणि लवकरच ही गोळी मागे घेतली गेली. आपल्या घरच्या शत्रूवर वापरायला योग्य आणि युरोपातल्या शत्रूवर अयोग्य, असा दुटप्पी युक्तिवाद त्या परिषदेत ब्रिटिशांकडून झाला होता. तो वाचताना ‘घरचा शत्रू’ म्हणजे कोण, हे हिंदी वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

यानंतर येतात ती महागडी स्वप्ने. त्यातले सर्वांत देखणे स्वप्न पाहिले जॉर्ज व्हिन्सेंट फॉसबेरी याने. हा बंगालच्या फौजेतला अंमलदार. १८६३ च्या अंबेला मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला, म्हणजे ज्याने रणांगण पाहिले नाही असे म्हणता येणार नाही. जड चाप प्रत्येक वेळी ओढताना नेम हलतो, ही त्याची तक्रार होती आणि ती रास्त होती. १८९५ च्या सुमारास त्याने कोल्टच्या एका जड रिव्हॉल्वरवर काम करून धक्क्याचीच शक्ती वापरणारे यंत्र तयार केले. नळी आणि सिलिंडर धक्क्याने मागे सरकायचे, सिलिंडरवर कोरलेल्या नागमोडी खाचांमुळे ते पुढच्या घरावर फिरायचे आणि घोडा आपोआप चढायचा. वेब्लीने १९०१ पासून हे हत्यार विकायला काढले. १९०२ मध्ये प्रसिद्ध नेमबाज वॉल्टर विनान्सने त्याने १२ पावलांवरच्या २ इंची वर्तुळात सुमारे ७ सेकंदांत ६ गोळ्या बसवून दाखवल्या.

मैदानावर हे अद्भुतच होते. खंदकात मात्र त्या नागमोडी खाचांत चिखल भरू लागला. शिवाय मनगट घट्ट धरले नाही तर धक्का यंत्राला पुरत नसे आणि चक्र अर्धवट राहत असे. म्हणजे घाबरलेल्या, दमलेल्या किंवा जखमी माणसाच्या हातात ते हमखास दगा देण्याची शक्यता. हत्याराची खरी परीक्षा अशाच हातात होते. सैन्याने ते अधिकृतपणे कधीच घेतले नाही. साध्या वेब्लीहून महाग, साध्या वेब्लीहून जड आणि साध्या वेब्लीहून नाजूक, अशी ती कहाणी. फॉसबेरीची बुद्धी वादातीत होती. प्रश्न चुकीचा नव्हता, उत्तर फार हुशार होते.

पहिल्या महायुद्धात कॅप्टन आर्थर प्रिचर्ड याने तर वेब्लीला संगीन लावली. जुन्या फ्रेंच ग्रा बंदुकांच्या संगिनींची पाती कापून बर्मिंगहॅमच्या ग्रीनर कंपनीने ती बनवली. खंदकात सहा गोळ्या संपल्यावर पुन्हा भरायला वेळ नसतो, हे खरे. पण सैन्याने तीही स्वीकारली नाही. काही अंमलदारांनी हौसेने विकत घेतली इतकेच. खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ताही निघाला. तो लावला की रिव्हॉल्वर धड रिव्हॉल्वर राहत नाही आणि धड बंदूक होत नाही. चांदीचा मुलामा, हस्तिदंती मूठ, नळीवरची वेलबुट्टी यांचा हिशेब इथे मांडण्याचे कारण नाही. त्या गोष्टी दरबारात नजर करण्यासाठी असतात.

टिकले ते बदल अगदी साधे होते. वेब्लीच्या आधीच्या नमुन्यांची मूठ पक्ष्याच्या डोक्यासारखी गोलाकार, ओल्या हातात निसटणारी. सहाव्या नमुन्यात ती रुंद आणि चौकोनी झाली. मुठीच्या बुडाशी एक कडी, त्यात गळ्यात अडकवायची दोरी, म्हणजे घोड्यावरून पडताना हत्यार हरवायचे नाही. शिलेदाराच्या फिरंगेची मूठ बदलणाऱ्या कारागिराला यात नवे काही दिसले नसते.

इथवरचा सारा हिशेब ज्याला हत्यार बाळगण्याची मुभा होती त्याचा झाला. बाकीच्यांचे काय? १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या राजवटीत शस्त्र कायदा झाला. परवान्याविना शस्त्र बाळगणे हिंदी माणसाला गुन्हा ठरले आणि युरोपियनांना त्यातून सूट मिळाली. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्यात बदल मागितला. म्हणजे ज्या वर्षी वेब्लीचे १०,००० नग मागवले गेले, त्याच वर्षी हिंदी पुढारी एका नगाच्या परवान्यासाठी ठराव करत होते. आपल्या कुळाचा कानाकोपऱ्यात नावाजलेला भाला भिंतीवर टांगून ठेवतानाही ज्याला दाराकडे पाहावे लागे, त्या माणसाला चापाच्या हलकेपणाची चर्चा कशी वाटली असेल?

पुण्यात या प्रश्नाचे उत्तर दोनदा गोळीच्या आवाजात मिळाले. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाऊसमधून, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीतून, गाड्या बाहेर पडत होत्या. ‘गोंद्या आला रे’ ही इशारत झाली. दामोदर चापेकरांनी प्लेग अधिकारी रँडच्या गाडीवर मागून चढून गोळी झाडली, बाळकृष्ण चापेकरांनी दुसऱ्या गाडीतल्या लेफ्टनंट आयर्स्टवर. आयर्स्ट तिथेच मेला, रँड ३ जुलैला. अंतर हातभराचे होते. नळीची लांबी, नेमाची खूण, चापाचा ताण, ज्या ज्या गोष्टींसाठी अंमलदार पैसे मोजत होते त्यांतली एकही तिथे कामाची नव्हती. दामोदरांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी झाली. हत्याराची खरी किंमत कोणी किती मोजली, याचा ताळेबंद रुपयांत मांडता येत नाही.

दुसरा प्रसंग २२ जुलै १९३१ चा. मुंबई प्रांताचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वाडिया ग्रंथालयात आले असताना वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने अगदी जवळून त्यांच्यावर रिव्हॉल्वर झाडले. गोळी छातीवर लागली, पण खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणाने ती अडवली. हॉटसन बचावले आणि त्यांनीच पुढे होऊन गोगट्यांना धरले. गोगट्यांना कारावास झाला. पुढे सुटून आल्यावर ते सार्वजनिक जीवनात वावरले. कोटाच्या खिशातले एक बटण इतिहासाच्या आड आले. जड गोळीचा आग्रह धरणाऱ्या जुन्या अंमलदारांना यात आपल्या मताचा पुरावा दिसला असता.

योगायोग असा की ब्रिटिश लष्कर नेमके याच सुमारास उलट दिशेने निघाले होते. महायुद्धात घाईने भरती झालेल्या माणसांना .४५५ चे रिव्हॉल्वर पेलत नाही, हा अनुभव आला होता. एक उपाय होता प्रत्येक हत्यार प्रत्येक हाताला बेतून घेण्याचा. तो अर्थातच परवडणारा नव्हता. दुसरा उपाय काडतूसच लहान करण्याचा. १९३२ मध्ये .३८ चे एन्फिल्ड रिव्हॉल्वर आले. वजन पाऊण किलोच्या आसपास, गोळी २०० ग्रेनची. थोड्या सरावात साधारण माणसाला नेम साधता येईल, असे. पुढे हेगच्या जाहीरनाम्याची आठवण होऊन मऊ शिशाची ती गोळी बदलली आणि १७८ ग्रेनची, धातूच्या आवरणाची आली.

१९३८ मध्ये त्या रिव्हॉल्वरमध्ये आणखी एक बदल झाला. रणगाड्यात चढता-उतरता घोड्याचे वर आलेले टोक कशात तरी अडकते, म्हणून ते टोकच काढून टाकले. आधीची बरीच हत्यारेही परत मागवून तशीच केली गेली. बदल स्वस्त होता, कारणही खरे होते. पण त्यामुळे अंगठ्याने घोडा चढवून हलक्या चापाने नेम धरण्याची सोय गेली. प्रत्येक गोळीला जड चाप पूर्ण ओढणे आले. रणगाड्यातल्या माणसाच्या अडचणीचा भुर्दंड पायदळातल्या माणसाने भरला. एकाच्या हाताला बेतलेले हत्यार सर्वांना वाटले की असे होते.

वेब्लींचे पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जुनी .४५५ रिव्हॉल्वरे मोठ्या संख्येने अमेरिकेत स्वस्तात विकली गेली. तिथे .४५५ ची काडतुसे दुर्मीळ आणि .४५ ची पिस्तुलाची काडतुसे मुबलक. व्यापाऱ्यांनी सिलिंडरची मागची बाजू थोडी तासली, चंद्रकोरीसारख्या पत्र्याच्या चिमट्यात काडतुसे बसवली आणि काम चालू झाले. स्वस्त आणि मस्त. पण .४५ च्या काडतुसाचा दाब .४५५ हून कितीतरी जास्त असतो. सिलिंडर ज्या दाबासाठी बनवले त्याहून अधिक दाब त्यावर रोज पडू लागला. काही हत्यारे खिळखिळी झाली, काहींची सिलिंडरे फुटली. शिवाय न तासलेल्या वेब्लीला आज संग्राहक जास्त मोल देतात. तेव्हा वाचवलेले पैसे अशा रीतीने वारसांच्या खिशातून गेले.

भारतात हा मोह होण्याची वेळच आली नाही. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांनी .३८० आणि .४५५ ची लष्करी काडतुसे झाडू शकणारी पिस्तुले व रिव्हॉल्वरे ‘निषिद्ध बोअर’ ठरवली. साहेब गेला आणि त्याच्या हत्याराचे माप नागरिकाच्या हातून कायमचे सुटले. उरले ते .३२. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीने या मापाचे रिव्हॉल्वर बनवले, ज्याची मधोमध मोडून उघडण्याची घडण थेट वेब्लीच्या घराण्यातली आहे. २०१४ मध्ये त्याच कारखान्याने ‘निर्भीक’ बाजारात आणले : टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे, किंमत साधारण १ लाख २२ हजार रुपये. हलकेपणासाठी मोजायचा पैसा इथे कारखान्याच्या पातळीवरच किमतीत मिळवलेला होता. हलक्या हत्याराच्या धक्क्याचे गणित मात्र टायटॅनियमने बदलत नाही. .३२ ची गोळी मुळात छोटी म्हणून ते सुसह्य होते.

हत्यार स्वतःच्या हाताला बेतण्याची मुभा आजच्या परवानाधारकाला जवळपास नाहीच. त्याच कायद्याचे कलम ५ शस्त्रांची निर्मिती, विक्री, दुरुस्ती आणि रूपांतर परवान्याविना करू देत नाही. कलम ६ नळी आखूड करण्यास मनाई करते आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका प्रकारचे शस्त्र दुसऱ्या प्रकारात बदलणेही त्यात आले. मुठीच्या दोन फळ्या बदलणे वेगळे आणि सिलिंडरला कानस लावणे वेगळे. दुसरे केले तर प्रश्न पैशांचा उरत नाही, तुरुंगाचा होतो.

खडकीचा कारखाना अजून चालू आहे. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांपैकी म्युनिशन्स इंडिया या पुण्यातच मुख्यालय असलेल्या कंपनीकडे तो गेला. .३२ च्या रिव्हॉल्वरची काडतुसे तिथे बनतात आणि त्यांच्या पितळी बुडावर ‘केएफ’, म्हणजे किर्की फॅक्टरी, अशी इंग्रजी अक्षरे उमटवलेली असतात. गावाचे नाव पाट्यांवर कधीच खडकी झाले. काडतुसावर अजून किर्कीच आहे.